दुसरी रेघ

कोर्टाची लिफ्ट बंद होती. दरवाजाच्या कडीला सुतळीनं एक पुठ्ठा टांगला होता आणि त्यावर ‘बंद आहे’ एवढंच लिहिलेलं. तीन पिढ्या लिफ्टवर पोट भरलेलं हे घराणं त्या पुठ्ठ्यासमोर येऊन उभं राहिलं, आणि सगळ्यात आधी हसू आलं ते दादाला. म्हणजे ज्याच्यावर आज आरोप वाचला जाणार होता, त्यालाच.

"घ्या," तो म्हणाला. "न्याय तिसऱ्या मजल्यावर आणि आपण खाली."

कोणी हसलं नाही. पानानं सवयीनं दाराला कान लावला, बटण दोनदा दाबून पाहिलं.

"दरवाजाचा कॉन्टॅक्ट गेलाय काका. अर्ध्या तासाचं काम आहे."

"हात लावू नकोस!" दादाचा भाऊ, धाकटा, एवढ्या जोरात खेकसला की जिन्यावरचे दोन वकील वळून बघायला लागले. पानानं हात मागे घेतला आणि खिशात घातला.

पाना ही धाकट्याची एकुलती एक. लहानपणी बाहुली सोडून आजोबांचा पाना उशाशी घेऊन झोपायची, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. आई गेली तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, तिला पदराखाली घेतलं. दादा-वहिनींना मूल नव्हतं, पण ते नव्हतं असं या घरात कधी कुणी म्हटलं नाही, कारण पाना होती. पुढे ती हट्टानं लिफ्टच्या कामात शिरली. धाकट्यानं तेव्हा डोकं धरलं होतं. दादानं मात्र तिला स्वतःच्या हातानं खडू दिला होता.

खडूचं ते असं. या घरात काम करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हा आजोबांचा दंडक. काम झालं की करणाऱ्यानं मशीनवर खडूनं एक तिरकी रेघ ओढायची. मग दुसऱ्यानं वर जायचं, सगळं हातानं चाचपून बघायचं आणि त्या रेघेवर आपली आडवी रेघ मारायची. फुली पूर्ण झाली की लिफ्ट चालू. त्यानंतर काही बिघडलं, तर बोलणी खायची ती तपासणाऱ्यानं, करणाऱ्यानं नाही. करणारा चुकणारच, तो माणूस आहे. तू वर कशाला गेला होतास, असं आजोबा विचारायचे. खोट्या फुलीसाठी त्यांनी आपल्या सख्ख्या मेव्हण्याला दुकानाबाहेर काढलं होतं आणि पुन्हा कधी उंबरा चढू दिला नव्हता.

त्या जुन्या पाच मजली इमारतीत ब्रेक बदलायचं काम पानानं केलं. दुपारी लिफ्ट सुरू झाली. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई शिवलेले कपडे पोचवायला निघाल्या, लिफ्टमध्ये शिरल्या, आणि लिफ्ट थांबलीच नाही. बाई गेल्या. ब्रेकचा बोल्ट निसटू नये म्हणून घालायची पिन घातलेली नव्हती. पोलिसांनी मशीनचा फोटो काढला. फोटोत फुली पूर्ण होती. दादानं फोटो पाहिला, चष्मा काढून पुसला आणि सांगून टाकलं, दुसरी रेघ माझी, मी तपासलं, चूक माझी. पोलिसांनीही मग काम कुणी केलं ते खोदलं नाही.

तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले होते. दादा म्हणत होता, कोर्टातही हेच सांगणार. वहिनी त्याच्या बाजूनं होती. नवऱ्याची मान ताठ राहतेय यापुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं. धाकटा विरोधात होता. रविवारी तर त्यानं टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, "दुकानातला कायदा दुकानात! कोर्टात चूक कबूल करणं म्हणजे स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणं आहे दादा." पाना मधोमध बसून होती. तिनं तोंड उघडलं नव्हतं, आणि ते सगळ्यांनी दुःखाच्या खात्यावर टाकलं होतं.

---

जिना दगडी होता, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. धाकटा पुढे निघाला. पहिल्या वळणावर पोचून त्यानं मागे पाहिलं, तर दादा पाचव्या पायरीवर कठड्याला धरून उभा.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही व्हा पुढे."

पुढच्या चार पायऱ्या दादानं एकेक करून चढल्या. आधी उजवा पाय वर, मग डावा ओढून त्याच पायरीवर, मग श्वास. वहिनी त्याच्या मागे हात पसरून चालली होती, पण अंगाला हात लावत नव्हती, कारण तसा लावलेला त्याला खपत नसे. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत दादाचा सदरा पाठीला चिकटला होता.

गुडघे दुखतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनी चोळून द्यायची त्या तेलाचा वास गेलं वर्षभर घरात होताच. पण घर तळमजल्यावर, दुकान रस्त्याला लागून, आणि बाहेरची उंच कामं धाकटा स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला बघायचा. आपला भाऊ जिना कसा चढतो हे त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे दादा पायरीवरच बसला. येणारीजाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. आणि तिथं, वर उभं राहून भावाच्या विरळ झालेल्या केसांकडे बघताना, धाकटा मनात मजले मोजायला लागला. इथं दोन मजले. त्या इमारतीत पाच. काम चालू, म्हणजे लिफ्ट बंद, म्हणजे पाची मजले पायानं. वर गच्ची. गच्चीवरून मशीनरूमला जायला लोखंडी शिडी.

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. पाना केव्हाच पुढे जाऊन तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एकटीच उभी होती.

"त्या दिवशी दादा वर आला होता?"

"बाबा, नंतर बोलू."

"आता. वर आला होता का?"

पाना खिडकीबाहेर बघत राहिली. "शिडीपर्यंतसुद्धा नाही. खाली दाराबाहेरच्या स्टुलावर बसले होते. ओरडून विचारलं त्यांनी, झालं का. मी म्हटलं, झालं."

"मग ती दुसरी रेघ?"

"मीच मारली," पाना म्हणाली. "त्यांना चढायला लागू नये म्हणून."

धाकट्यानं तिच्या दंडाला धरलं आणि पुन्हा सोडलं. या घरात जन्मलेल्या, आजोबांचा पाना उशाशी घेऊन झोपलेल्या पोरीनं काकाच्या नावची रेघ मारावी! आधी त्याला राग आला. मग राग पार विरघळून गेला आणि नुसती भीती उरली.

"दादाला माहीत आहे?"

"फोटो बघितला त्याच दिवशी ओळखलं त्यांनी. म्हणाले, मी जिवंत आहे तोवर हे तोंडातून काढायचं नाही." तिनं खिडकीकडे पाठ केली. "आणि बाबा, मला बरं वाटलं तेव्हा. खरं सांगते, सुटले असं वाटलं मला."

---

वऱ्हांड्यातलं बाकडं भिंतीला लावलेलं होतं. वहिनीनं दादाला तिथं बसवलं आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. वकीलबाई आल्या; ठेंगण्या, काळा कोट कोपरापाशी चकाकणारा, बोलणं एकदम सुटसुटीत. त्या दादासमोर उभ्या राहिल्या.

"शेवटचं समजावते. आज साक्षी नाहीत, युक्तिवाद नाहीत. आज फक्त आरोप वाचून दाखवतील आणि विचारतील, कबूल आहे का. नाही म्हणालात, की खटला सुरू. सरकारी वकील त्यांचे साक्षीदार आणतील, मी उलटतपास घेईन. ते संपलं की साहेब तुम्हालाही विचारतील, याच्यावर तुमचं म्हणणं काय. मग युक्तिवाद, मग निकाल. विरुद्ध गेला तरी वर सत्र न्यायालय आहे, त्याच्या वर उच्च न्यायालय आहे."

"आणि हो म्हणालो तर?"

"तर यातलं काहीच नाही. तुमच्या एका शब्दावर शिक्षा. ती जास्त झाली एवढंच फक्त वर जाऊन म्हणता येतं. गुन्हा मी केलाच नव्हता, हे मग कुठंही म्हणता येत नाही. ते दार तुम्ही आतून लावून घेतलेलं असतं."

"पोलिसांना तर मी सांगून बसलोय."

"पोलिसांपुढची कबुली इथं पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून तर अजून तुमच्या हातात आहे."

वहिनी हे सगळं ऐकत होती आणि तिचा हिरमोड होत होता. तिच्या मनात कोर्ट म्हणजे एक मोठं शहाणं माणूस होतं. ते सगळ्यांना समोर बसवील, तू सांग, आता तू सांग, असं करत शेवटी खरंखोटं निवडील. आजोबा तसंच करायचे. इथं तर एकाला एकच प्रश्न, आणि ज्याला विचारलं नाही त्यानं गप्प बसायचं. मग खरं कळायचं कसं यांना?

तेवढ्यात धाकटा आला. चेहरा उतरलेला. त्यानं दादाकडे पाहिलंच नाही.

"वकीलबाई, एक विचारू? खटला चालला आणि साक्षीत भलत्याच कुणाचं नाव निघालं तर?"

"तर कोर्ट त्यालाही आरोपी म्हणून बोलावू शकतं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का?"

"सहज." धाकट्यानं ओठ चाटले. "मला वाटतं, दादाला म्हणायचंय ते म्हणू द्या."

दादानं मान वर केली. वहिनीनंही. रविवारी टेबलावर मूठ आपटणारा हाच का तो माणूस? तिच्या हाताखाली लहानाचा मोठा झालेला दीर. त्याच्या ‘सहज’मध्ये काय काय असतं ते तिला नको सांगायला. ती उठली.

"भावजी, जरा इकडे या."

वऱ्हांड्याच्या टोकाला पाण्याची टाकी होती. तिथं धाकट्यानं तिला तीन वाक्यांत सगळं सांगितलं. वहिनीनं टाकीच्या नळाला धरलं. नळ थेंब थेंब गळत होता आणि ती तो उगाचच आवळत राहिली.

"म्हणजे यांनी तपासलंच नव्हतं," ती हळू म्हणाली.

"नाही."

"आणि मी घरोघर सांगत फिरले, माझा नवरा जबाबदारी घेणारा आहे म्हणून." तिनं नळ सोडला. "आणि तुम्ही आता म्हणताय, जाऊ द्या त्यांना. कालपर्यंत नको म्हणत होतात. आज तुमची मुलगी निघाली, तर जाऊ द्या."

"तुमची नाही का ती, वहिनी?"

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं ते संतापानं. "माझी आहे म्हणून तर विचारते! तिच्या वेण्या मी घातल्यात. तापात रात्र रात्र मी बसलेय. पण जो तिकडे बाकड्यावर बसलाय तो पण माझाच आहे ना? कुठला डोळा फोडू मी, सांगा."

तो नुसता म्हणाला, "तिचं सगळं आयुष्य पुढं आहे." ते खरंच होतं, आणि तरी वहिनीला ते ऐकून किळस आली.

ती परत आली तेव्हा वकीलबाई दादाला घेऊन एका कागदावर सही करायला खिडकीपाशी गेल्या होत्या. बाकड्याच्या एका टोकाला पाना बसली होती. दुसऱ्या टोकाला एक बाई, साधारण वहिनीच्याच वयाची, मांडीवर कापडी पिशवी. वहिनी मधे बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं ती कोण ते. गेलेल्या बाईंची बहीण. तेच नाक, तीच हनुवटी, जी पेपरातल्या फोटोत होती.

"तुम्ही त्यांच्या घरातल्या ना?" बाईंनीच विचारलं.

"हो." वकीलबाईंनी त्या घराशी बोलू नका म्हणून बजावलं होतं. पण शेजारी बसून गप्प राहणं वहिनीला जमलं नाही. "आम्हाला फार वाईट वाटतं हो. कसं बोलू तेच कळत नाही."

"मला भांडायचं नाही." बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. "आज कबूल करणार म्हणे. सरकारी वकील म्हणाले, बरं झालं, साक्षीची दगदग नाही, निकाल लागेल आणि तुम्ही मोकळ्या. आता मी मोकळी होऊन करू काय? ती रोज त्याच लिफ्टनं जायची. पाय अधू होता तिचा, लिफ्ट नसली तर बाहेरच पडायची नाही. फार तर कठड्याला धरून बसत बसत उतरायची. त्या दिवशी वेगळं काय झालं, एवढं कुणीतरी उभं राहून सांगावं, म्हणून मी येत होते. आता तेही नाही."

वहिनीनं डावीकडे पाहिलं. पानाचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते, लहानपणी मार खायच्या आधी ती ठेवायची तसे.

"ऐकलंस?" वहिनी फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

"ऐकलं काकू."

"मी तुला कर म्हणणार नाही आणि करू नको म्हणणार नाही. तू काहीही केलंस तरी घरी गेल्यावर ताट माझ्या शेजारीच असेल. एवढंच."

शिपायानं दारात येऊन पुकारा केला. दादाचं नाव त्यानं इतकं वेडंवाकडं उच्चारलं की ओळखायला सगळ्यांना क्षणभर वेळ लागला.

---

पानाला वाटलं होतं कोर्ट मोठं असेल. ही तर शाळेच्या वर्गाएवढी खोली. पंखा, कपाटांवर गठ्ठे, आणि इतकी माणसं की उभं राहायलासुद्धा अंग चोरावं लागत होतं. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. त्यांच्या एका हातात रुमाल होता आणि दुसऱ्यात पेन, आणि ते दोन्ही आळीपाळीनं वापरत होते. आधीचं प्रकरण डोळ्यांदेखत पुढच्या तारखेवर गेलं. कुणीतरी आलं नव्हतं. एक म्हातारा हात जोडून काहीतरी सांगायला गेला, तर त्याच्याच वकिलानं त्याला मागे ओढलं.

दादा लाकडी कठड्यात जाऊन उभा राहिला. वकीलबाईंनी त्याला बसायला मिळावं म्हणून विनंती केली. साहेबांनी मानेनं हो म्हटलं. दादा बसला नाही.

साहेबांनी आरोप वाचला. सावकाश, शब्द तोडून तोडून. अमुक दिवशी, अमुक इमारतीत, तुम्ही स्वतः मशीनरूममध्ये जाऊन ब्रेकची तपासणी केलीत, ती हयगयीनं केलीत, आणि त्यामुळे एका व्यक्तीचा मृत्यू झाला.

"समजलं?"

"समजलं साहेब."

"कबूल आहे?"

"चूक माझी आहे साहेब."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "चूक कुणाची ते मी अजून विचारलेलं नाही. तुमच्यावर जो आरोप आहे, तो कबूल आहे का, असं विचारलं. कबूल केलात तर साक्षी होणार नाहीत, तुम्हाला शिक्षा होईल. तुरुंगवासही होऊ शकतो. हे वकिलांनी सांगितलंय तुम्हाला?"

"सांगितलंय."

"कुणाचा दबाव? कुणी काही कबूल करून घेतलंय?"

"नाही साहेब. आमच्यात तशी पद्धतच आहे. जो तपासतो, त्याची जबाबदारी."

"तुमच्यात काय पद्धत आहे ते राहू द्या." साहेब शिंकले, नाक पुसलं, पण नजर हलवली नाही. "यात लिहिलंय की तुम्ही वर गेलात, तपासलंत, पण नीट तपासलं नाहीत. हे असंच घडलं का? हो किंवा नाही."

पानाला दादाची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ तिला पाठ होती. त्याच पाठीवर बसून तिनं पहिली मशीनरूम पाहिली होती. दादानं हो म्हणायला तोंड उघडलं असणार, कारण मान थोडी वर झाली. आणि तिथंच अडकली. दोष अंगावर घ्यायला तो कचरला नव्हता. पण सरळ डोळ्यांत बघून विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर! खोटी फुलीच ती. ती त्याच्या हातून आयुष्यात झाली नव्हती, आणि आता पानापायी तो ती मारायला उभा होता. त्यानं कठडा दोन्ही हातांनी धरला. तो मारणार, हे पानाला कळलं. तिच्यासाठी तो मारणारच.

ती उठली. बाबांनी तिचा सदरा मागून धरला, तो तिनं सोडवून घेतला.

"साहेब, काका वर आलेच नव्हते! दुसरी रेघ—"

"खाली बसा!" शिपाई धावला. सगळी खोली वळली. सरकारी वकील अर्धवट उठले. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी त्यांची पुतणी. काम मी—"

"थांबा." त्यांनी हात वर केला. आवाज चढवला नाही. "आज तुम्हाला कुणी विचारलेलं नाही, आणि तुम्ही आत्ता बोललात ते मी लिहून घेतलेलं नाही. विचारायची वेळ येईल तेव्हा शपथेवर विचारतील. त्याच्याआधी एक करा. स्वतःसाठी एक वकील बघा आणि तो म्हणेपर्यंत तोंड उघडू नका. समजलं का? बसा."

पाना बसली. काकूनं तिचा हात घट्ट धरला होता. केव्हा धरला ते तिला कळलं नव्हतं. पलीकडच्या रांगेत त्या बाई तिच्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. त्या नुसत्या टक लावून बघत होत्या.

साहेब पुन्हा कठड्याकडे वळले. "हं. तुम्ही सांगा. असंच घडलं का?"

टायपिस्टनं मान वर करून पाहिलं. मग दादाची बोटं कठड्यावरून सुटली.

"नाही साहेब," तो म्हणाला. "असं नाही घडलं."

"म्हणजे आरोप नाकबूल?"

दादानं वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"नाकबूल."

साहेबांनी टायपिस्टला एक वाक्य सांगितलं, सरकारी वकिलांना साक्षीदारांची यादी मागितली आणि पुढची तारीख दिली. शिपायानं दुसरंच कुणाचं तरी नाव पुकारलं. सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ गेला नव्हता.

---

धाकटा कुणाशी न बोलता तरातरा जिना उतरून गेला. वकीलबाई पानाला दोन मिनिटं बाजूला घेऊन बोलल्या. बोलणं कमी आणि रागावणं जास्त होतं. शेवटी एका कागदावर त्यांनी दुसऱ्या वकिलाचं नाव लिहून दिलं.

पहिल्या वळणावर त्या बाई थांबल्या होत्या. पाना दिसली तशा एक पायरी वर आल्या.

"पुढच्या तारखेला येशील?"

"मला बोलावलं की येईन," पाना म्हणाली. "सगळं सांगेन. त्यातलं तुम्हाला आवडेल असं काहीच नाही."

"आवडावं म्हणून नाही विचारत मी," बाई म्हणाल्या आणि पिशवी सावरत उतरून गेल्या.

दुसऱ्या मजल्याच्या खाली दादा पुन्हा पायरीवर बसला. उतरताना गुडघ्यांना चढण्याहून जास्त त्रास होतो, हे पानाला तोपर्यंत माहीत नव्हतं. वहिनी खालच्या वळणावर जाऊन धाकट्याला शोधत होती. पाना दादाच्या शेजारी बसली.

"माझी रेघ तू का मारलीस?" दादानं विचारलं. इतक्या दिवसांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं.

"तुम्हाला चढवत नव्हतं, काका. तुम्ही त्या स्टुलावर बसला होतात आणि मला गच्चीवरून दिसत होतं, तुम्ही गुडघा चोळत होतात."

"हाक मारायची होतीस. आलो असतो मी."

"कसे आला असतात? पाच मजले आणि वर ती शिडी. तास लागला असता तुम्हाला."

"लागला असता ना," दादा म्हणाला. "बसत बसत आलो असतो. मग ती पिन हाताला लागली नसती, म्हणून ओरडलो असतो तुझ्यावर. तू ती घातली असतीस. संध्याकाळपर्यंत लिफ्ट बंदच राहिली असती. त्या बाई घरीच थांबल्या असत्या."

पानानं गुडघ्यात तोंड घातलं आणि ती रडायला लागली. एवढ्या महिन्यांत ती अशी रडली नव्हती. दादानं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि त्याचेही डोळे वाहत होते.

"आणि मी खाली बसून विचारलं, झालं का," तो म्हणाला. "फुली कुणी मारली ते विचारलं नाही. माहीत होतं मला, मी वर गेलेलो नाही. तरी लिफ्ट चालू होऊ दिली. ते तू सांगायचं नाहीस. ते माझं आहे. माझी वेळ आली की मी सांगेन."

खालून धाकट्याचा आवाज आला. वहिनी त्याला काहीतरी म्हणाली आणि तो परत वर यायला लागला. दोन पायऱ्या खाली येऊन तो उभा राहिला, मुलीकडे आणि भावाकडे बघत, आणि मग मुकाट्यानं दादाच्या दुसऱ्या बाजूला गेला.

दादानं भावाकडे हात केला. "चल. धर मला. घाई करू नकोस."

पाना उठली, तोंड पुसलं आणि त्याच्यापुढे एक पायरी खाली जाऊन उभी राहिली. दादाचे दोन्ही पाय खाली टेकेपर्यंत ती थांबली. मग तिनं पुढची पायरी घेतली.